मोर्चा विसाव्यापाशी थांबतो

लालबागच्या आनंदा परबांना गाडी लागते. बस असो की टॅक्सी, दोन सिग्नल गेले की त्यांचा चेहरा दुधीभोपळ्यासारखा होतो. म्हणून ते गिरणीत चालत गेले, शीवला बहिणीकडे राखीला चालत गेले, आणि लग्नात घोड्यावर बसायचीही त्यांनी जोखीम घेतली नाही. पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाला आता एकाच प्रवासाची चिंता होती. शेवटच्या.

खरं तर आधी तीही नव्हती. चाळीमागच्या गल्लीच्या टोकाला स्मशान. आईवडील गेले, बायको राधा गेली, सगळी याच गल्लीने, माणसांच्या खांद्यावरून. पण स्मशानाच्या भिंतीलगतच्या जुन्या गोदामाच्या जागी टॉवर यायचं ठरलं आणि नकाशात गल्ली टॉवरच्या बागेत गडप झाली. स्मशानात जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा, म्हणजे गाडी आलीच.

चाळीच्या सभेत कमिटीचा सेक्रेटरी मयूर ऊन, वारा, पाणी असे मुद्दे मांडत होता. परब उठले.

"ता सगळा खरा रे. पण माका गाडी लागता. व्हॅनमधून नेलात तर मी वाटेत उठान बसतलंय, सांगून ठेवतंय!"

लोक पोट धरून हसले. पण घरी जाताना जो तो आपल्या म्हाताऱ्यांचा हिशेब करू लागला आणि रविवारी मोर्चाला अख्खी चाळ उतरली. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, स्मशानाच्या अलीकडेच, बिल्डरचं ऑफिस होतं. त्या दिवशी तिथे फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येणार होती.

"गल्ली आमच्या हक्काची!" मयूर नाक्यावर ओरडला. उत्तर दणक्यात आलं. मग मोर्चा गल्लीत शिरला आणि आवाज आपोआप खाली गेला. या गल्लीतून आजवर कुणी ओरडत गेलंच नव्हतं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मयूरची पुढची घोषणा तर कुजबुजीतच संपली. निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड आला, जिथे तिरडी क्षणभर खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात. सगळा मोर्चा थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले, आणि मग परबांच्या ध्यानात आलं, की खांद्यावर कुणीच नाही!

ऑफिसच्या पायऱ्यांवर गिऱ्हाइकं सरबत पीत होती. ही शांत रांग बघून त्यांनी ग्लास खाली ठेवले. त्यांच्यातले ठाकूरद्वारचे रामदास वेलणकर, अंगाने चांगले भरभक्कम, चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," परब म्हणाले. "मी जायचोय. पण हे रस्ता बंद करतायत."

वेलणकर फ्लॅट दाखवणाऱ्या नम्रताकडे वळले. "खरं का हे?"

"सर, तिथे गार्डन येणार आहे."

"आणि आमच्यातलं कुणी गेलं तर?"

नम्रता घुटमळली. "लिफ्टने बेसमेंटला, सर. तिथून व्हॅन."

"अगं बाई! पार्किंगमधून?" वेलणकरांच्या पत्नी म्हणाल्या. "एवढे पैसे मोजून?"

"गल्ली उघडी ठेवा, मगच सही करतो," वेलणकरांनी जाहीर केलं. आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या. मयूरचे अर्ज न वाचणाऱ्या बिल्डरला ही बातमी मात्र फोनवर लगेच समजली.

नव्या नकाशात बाग आखडली, गल्ली राहिली. टॉवर व्हायचा तो होणारच आहे, ऊन जाणारच आहे. मयूर त्यावर अजून भांडतोय. परबांचं मन मात्र निवांत झालं.

एका संध्याकाळी वेलणकर चाळीत आले. गॅलरीत चहा घेता घेता जरा चाचरत म्हणाले, "परब, मुलगा आमचा कॅनडात. इथे राहायला आलो की, वेळ आलीच तर, खांदा द्याल ना?"

परबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वजन किती?"

"ब्याण्णव."

"मग उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायला या," परब म्हणाले. "घाई कुणालाच नाही, पण आमच्या पोरांचा काही विचार करायला नको?"