दूध सोडलं होतं, दही नाही

दारात चपला काढतानाच ती विचारायची, "आज काय काय खाल्लं जी, बाबाजी?" माझ्याकडे न बघता. घर माझं, बाप माझा आणि चौकशी करणार ही, आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर.

लाखांदूरला आमच्याच गल्लीत ती भाड्यानं राहायची. त्या वर्षी बाबांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. भिंत धरून चालायचे. डॉक्टर म्हणाले, बी ट्वेल्व्ह फार कमी झालंय. भात-भाजीतून ते मिळत नाही. अंडी-मासळीत असतं, नाहीतर दूध-दह्यात. इंजेक्शनं घ्या, पण ताटातही रोज काहीतरी हवं.

बाबांच्या गळ्यात माळ. अंड्याचं नाव काढायची सोय नाही. आणि आई गेल्यावर काशीला जाऊन त्यांनी दूध सोडलेलं. तिथं आवडती वस्तू सोडून येतात, तसं. मी विनवलं, भांडले, रडलेसुद्धा. "तुले काय समजते व?" एवढंच उत्तर. मी आपली रोज त्यांच्या पायांना तेल चोळायची.

सिस्टर इंजेक्शन द्यायला आली. औषध लालभडक. बाबांनी हात मागे घेतला. "रक्त होय का हे?"

"रक्त असतं तं मीच नसतं का घेतलं जी? माह्यंच कमी आहे."

बाबा हसले. आई गेल्यापासून हे हसू मी पाहिलं नव्हतं, आणि निघालं ते कुणासाठी, बघा!

मग तिनं विचारलं, "काशीले काय सोडलं?"

"दूध."

"दही तं नाही सोडलं ना?"

बाबा विचारात पडले. "नाही बा. दह्याचं नाव नाही घेतलं."

"मंग खा ना जी!"

मी विरजलेलं दही त्यांनी तिच्या हातून खाल्लं. तुम्हीच सांगा, जळणार नाही का माणूस?

पुढे ती यायच्या वेळेला बाबा सदरा बदलून बसायचे. तिच्यासमोर वाटी चाटूनपुसून साफ. मी दिली की, "ठेव तिथं." एकदा ती म्हणाली, "ताई, दही मस्त लावता तुम्ही." तिचं कौतुकसुद्धा मला टोचलं.

पाय सुधारले, भिंत सुटली. तेवढ्यात तिची बदली झाली. बपेऱ्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता बाप माझा.

महिनाभरानं बाबा नवा सदरा घालून निघाले. "सिस्टरले भेटून येतो."

"मीही येते."

"काहून? मले चालता येते ना आता."

तरी मी स्टँडपर्यंत मागोमाग गेले. दांडी न धरता ते एसटीत चढले. इतका आनंद झाला मला, आणि तितकीच जळलेही. खिडकीशी उभी राहून हात हलवत होते. बाबा कंडक्टरशी बोलत होते.

"तुमसर द्या एक. पुढं बपेऱ्याले जाचं आहे, लेकीकडे."