आधी उत्तर कुठली ते सांग

विमलबाई कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्यात थांबून विचारायच्या, "उत्तर कुठली गो?" सांगता आलं नाही तरी आत येऊन चहा घ्यायच्या, पण घोट घेताना त्यांची नजर घरभर फिरायची. ज्यांना आपल्या घराचं तोंड कुठे आहे ते ठाऊक नाही, त्यांच्या दुधाचा तरी काय भरवसा, अशी.

रत्नागिरीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भाट्याच्या खाडीपलीकडे, आमच्या वाडीत, माझ्या शेजारी राहायला आल्या. एकट्याच. मासळीवालीने ताजी म्हटलं तरी कल्ला उघडून बघायच्या. एसटीची पाटी वाचली तरी कंडक्टरला विचारून चढायच्या. सगळ्यात जास्त संशय नकाशांवर. "कागद खोटं बोलत नाही, काढणारा बोलतो. आधी उत्तर बघायची, मग प्रमाण, मग तो कुणी काढलाय ते."

दुपारची भांडी उरकली की त्या मला माझ्याच फोनवर शिकवायच्या. आडव्या रेषा अक्षांशाच्या, उभ्या रेखांशाच्या. "आपण सतरा अंश उत्तर, त्र्याहत्तर अंश पूर्व. आधी अक्षांश, मग रेखांश." एकदा मी आकडे उलटे टाकले, तर फोनने मला नॉर्वेच्या वरच्या समुद्रात नेऊन सोडलं. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "गेलीस बर्फात! स्वेटर घेतलास का?"

मग एक गृहस्थ आमची जमीन घ्यायला आले. वाडीच्या वर आमचा सडा आहे, जांभ्या दगडाचा उघडा माळ. गवताशिवाय तिथे काही उगवत नाही. माझे थोरले दीर मुंबईला असतात, त्यांनी फोनवर होकार देऊनच टाकला होता. गृहस्थांनी ओटीवर रंगीत नकाशा पसरला. मी बाईंना हाक मारली.

त्यांनी चष्मा पुसला. "ह्याच्यावर उत्तर का नाही?"

"तसं काही नाही हो आजी, साधा नकाशा आहे. फक्त सडा घेतोय."

"मग चला, वर जाऊन दाखवा."

"ऊन फार आहे," ते म्हणाले. त्यांचे बूट कोरे करकरीत होते. सड्यावर ते कधी चढलेच नव्हते.

"जमिनीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश तरी असतील?" बाईंनी विचारलं.

नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेले होते. ते मी फोनमध्ये घातले. तीन कोपरे सड्यावर पडले. चौथा उताराखाली, झाडीत. मी पुन्हा घातले, तरी तिथेच. तिथे आमच्या वाडीचा झरा आहे. मे महिन्यात सगळ्या विहिरी तळाला गेल्या की अख्खी वाडी त्याच्यावर जगते.

"झरासुद्धा घेताय तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

दीर फोनवर भडकले. "त्या म्हातारीच्या नादी लागून आलेला माणूस घालवलात!" झऱ्याचं सांगितलं तरी त्यांचा राग काही गेला नाही. गणपतीला आले तेव्हा बाईंच्या दारावरून मान फिरवून गेले.

मला वाईट वाटलं. बाईंना नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं सांगितलं. त्यांच्या भावाने असाच एक कागद पुढे केला होता आणि त्यांनी न बघता सही केली होती. माहेरची बाग, समुद्राकडची, सगळी गेली. "मुलींना नकाशा शिकवून घरी आले होते गो त्या दिवशी. पण भावाच्या हातातला कागद कुणी तपासतं का?" मग म्हणाल्या, "तपासायला हवा होता."

यंदा पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं. रत्नागिरीच्या दवाखान्यातही नर्सबाई त्यांना वैतागल्या होत्या. प्रत्येक गोळीला "कसली?", प्रत्येक सुईला "डॉक्टरांनी सांगितल्येय का?" शेवटच्या संध्याकाळी मी गोळी घेऊन पुढे झाले. चष्मा उशाशी होता. त्यांनी तो घेतला नाही.

"तू बघितलीस?"

"बघितली."

"मग दे," म्हणाल्या, आणि डोळे मिटून तोंड उघडलं.