बंद एसीचा वारा

अनय, मीरा, भुताखेतांवर तुमच्या आजीचा कधीच विश्वास नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकले, विज्ञानाची पदवी घेतली, आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची फाईल ठेवली. ही एकच गोष्ट कुठल्या फाईलला लावावी ते कळलं नाही...

एकोणनव्वद साल. ठाण्याला, बाळकुमच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते, राहायला डोंबिवलीत. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा कपाटांएवढी यंत्रं. त्यांच्यासाठी दोन मोठे एसी अहोरात्र चालत, तरी खोली तापायचीच. साहेबांनी बजावलं, "वीज कमी करा, नाहीतर विभाग बंद."

एसी सांभाळायला हिराजी होता, बाळकुमच्याच कोळीवाड्यातला. त्याने जाळ्याचे सुटे धागे छताला टांगले आणि ते कुठे कसे हलतात, ते दोन दिवस बघत बसला.

"बाई, वारा हाय, पन जातो भलतीकडं. शीड लावलाव आन् वारा बगितलाच नाय!"

खरंच होतं. थंड हवा जमिनीतल्या केबलच्या भोकांतून वाया जात होती, आणि एका कपाटाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर येत होती. आम्ही भोकं बुजवली, कपाटं फिरवली. एक एसी पुरला. दुसरा काढून टाकला.

रिपोर्ट मी लिहिला, उत्तम इंग्रजीत. हिराजीचं नाव त्यात नव्हतं. मला बढती मिळाली. आणि एसी एकच उरला, म्हणून हिराजीला घरी बसवलं.

"बाई, सायबाला सांगा ना, धागं मीच बांधलं व्हतं."

"बघते," म्हणाले. बघितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी, तो एकुलता एसी बंद पडला. यंत्रं जळाली असती तर खापर माझ्या रिपोर्टावर फुटणार होतं. मी आणि माझी सहायक नलिनी यंत्रं बंद करायला लागलो, पण त्यालाच पाऊण तास लागे. छताला तसेच राहिलेले हिराजीचे धागे सरळ लोंबत होते.

"मॅडम... एसी आला का हो?" नलिनीने विचारलं.

धागे हलत होते. सगळे एकाच दिशेला, कपाटांच्या तोंडाकडे. माझ्या मानेला गार झुळूक लागली — दार बंद, खिडकी तर नव्हतीच. तेवढ्यात बाहेरून मेकॅनिक ओरडला, "मॅडम, मोटर जळालीय, आज विसरा!"

तापमान नोंदवणाऱ्या पेनाची रेघ पाऊण तास जराही वर चढली नाही. शेवटचं यंत्र बंद केलं आणि धागे थांबले.

हिराजी गेला असणार, हेच माझ्या मनात आलं. संध्याकाळी कोळीवाड्यात गेले. तो ओट्यावर जाळं विणत बसला होता, धडधाकट. सगळं ऐकून हसला. हात मात्र थांबवला नाही.

"मी त घरीच व्हतो, बाई. मंग, या वाऱ्याखाली कुनाचा नाव लिवलाव?"

 कारखान्यातून निघण्यापूर्वीच मी साहेबांना रिपोर्ट देऊन आले होते: सुधारित मांडणीमुळे खोली थंड राहिली.

तो वारा कुठून आला, मला आजही माहीत नाही. रेघेचा तो कागद माझ्यापाशी आहे. रिपोर्टाची प्रतही आहे... खाली सही माझी एकटीची.