श्रावणात देतो

चामराजपेटेत गुंडोअण्णांच्या गच्चीवर एकशे बारा झाडं आहेत आणि त्यांतलं एकही विकतचं नाही. कुंड्याही नाहीत. रंगाचे डबे आहेत, कड्या निघालेल्या बादल्या आहेत, एक बिनझाकणाचा कुकर आहे. आणि त्यांत जे काही हिरवं डुलतंय ते सगळं मागून आणलेलं. अण्णा लग्नाला जावोत, बारशाला जावोत, नाहीतर कुणाच्या समाचाराला जावोत, निघताना दाराशी थबकणार, अंगणातल्या झाडाकडे बघणार आणि इकडच्या कानडी वळणाने म्हणणार, "स्वल्प एक फांदी मिळेल का हो?" आता समाचाराला आलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? फांदी मिळायची. ओल्या रुमालात गुंडाळून घरी यायची आणि मुकाट्याने लागायची. अण्णांच्या हाताला गुण आहे, एवढं त्यांच्या पाठीमागे बोलणारेसुद्धा कबूल करतात.

घरची रीत अशी की ज्याच्याकडून फांदी आली त्याचं नाव झाडाला. जाईला ह्या घरात कुणी जाई म्हणत नाही, ती 'दंतवैद्य'. जास्वंद म्हणजे 'शाळेतल्या बाई'. पुण्याहून सून होऊन आलेल्या ऋचाला पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी सांगितलं, "पोस्टमास्तरांची चार पानं तोडून आण गं, फोडणीला हवीत." ती बिचारी जिन्यातच उभी राहिली. पोस्टमास्तर म्हणजे कढीपत्ता हे तिला कळायला अर्धा तास लागला, आणि त्या दिवशीची आमटी तशीच झाली.

घेण्याचा उत्साह हा असा. देण्याचं विचाराल तर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं, "श्रावणात देतो. आत्ता लागायची नाही." चैत्रात मागा, कार्तिकात मागा, हेच. आणि कुणी लक्षात ठेवून ऐन श्रावणात आलंच, तर आभाळाकडे बघून म्हणायचे, "ह्या वर्षी पावसाचं काही खरं दिसत नाही." शेजारच्या हेमलताबाईंचे असे नऊ श्रावण कोरडे गेले होते.

ह्या एकशे बारांमध्ये एका झाडाचं नाव होतं 'अक्का'. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण अनुसूया, देवनहळ्ळीला दिलेली. वीस वर्षांपूर्वी तिनेच ते आणून दिलं होतं. दिसायला अगदी साधं झुडूप, फुलाचं नाव नाही, पण पान चुरडलं की ट्रंकेतल्या जुन्या शालीसारखा वास यायचा. दर पाडव्याला अक्का माहेरी आली की चपला काढून आधी गच्ची गाठायची, पान चुरडून नाकाशी धरायची आणि मगच खाली येऊन कडुनिंब-गूळ तोंडात टाकायची.

गेल्या पाडव्याला मात्र ती तिथेच रेंगाळली. अण्णांची बायको अहल्या जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. अक्का म्हणाली, "गुंडो, आई गेली, अप्पा गेले, आता अहल्याही गेली. हे हिरवं आहे तोवर मला माहेर आहे, असं मी समजते." अण्णांनी मान डोलावली. झाड जगवणं म्हणजे काय, त्यांच्या हातचा मळ!

आणि तेच झाड त्यांनी मारलं. कसं ते ऐका. जानेवारीत हेमलताबाई वाळवणाची चौकशी करायला म्हणून गच्चीवर आल्या आणि त्यांच्या नाकाला तो वास लागला. "अण्णा, हे कुठलं हो? एक फांदी द्या की." "श्रावणात," अण्णा म्हणाले. पण बाईंची नजर काही हटेना. ही उद्या पुन्हा येणार, आपण नसताना येणार! बाईंची पाठ वळताच अण्णांनी डबा उचलला आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवला. झाड हेमलताबाईंपासून लपलं आणि मग अण्णांपासूनही लपलं. फेब्रुवारीचं ऊन पडलं, मार्च लागला. पाडव्याला आठ दिवस उरले तेव्हा त्यांना एकदम आठवलं. टाकीमागे चार काड्या उभ्या होत्या, हात लावला तर कटकन मोडल्या.

एकाहत्तराव्या वर्षी, चोरी पकडलेल्या पोरासारखे अण्णा टाकीला टेकून बसून राहिले.

"आत्यांनाच फोन करून मागा ना," ऋचा म्हणाली. "ओरिजिनल झाड त्यांच्याकडे असेलच की."

"काय म्हणून मागू? तुझं माहेर वाळलं, दुसरं पाठव?"

पण ऋचा पुण्याची, हार कशी मानणार? "शनिवारी शाळेच्या ग्राउंडवर प्लांट सेल आहे. जाऊ या आपण. नाव काय झाडाचं?"

"अक्का."

"बाबा, खरं नाव."

खरं नाव! वीस वर्षांत ते विचारायची गरज कुणाला पडली होती?

शनिवारी पटांगणात ही गर्दी. फाटकाबाहेरच्या झाडांचा गुलाबी सडा स्कूटरींच्या सीटवर पडलेला. आत पिटुनिया, बिगोनिया, नेचे, बोटाएवढी निवडुंगं, आणि माणसं भाजी घ्यावी तशी टोपल्या भरून चाललेली. अण्णांनी सवयीने खिशात हात घातला.

"बाबा, रुमाल ओला का आहे?"

"असू दे. वाटलं, कुणी दिलीच तर."

"इथे फांद्या मागायच्या नाहीत हं," ऋचाने बजावलं. तरी ती ऑर्किड बघायला वळली तेवढ्यात अण्णांनी एका माळ्याला विचारलंच. माळ्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

सुवासिक झाडांचा ठेला कोपऱ्यात होता. तिथली मुलगी, अनुषा, फार सोशिक. "कुठलं हवंय अंकल?"

"अक्का... म्हणजे, माझ्या बहिणीचं झाड आहे."

"त्यांना काय आवडतं?"

"तिला तेच आवडतं." अण्णांनी सगळं वर्णन केलं. गुडघ्याएवढं, फूल नाही, वास शालीचा. अनुषाने पुदिना दाखवला, मरवा दाखवला, दवणा दाखवला. हे सगळे अण्णांच्या ओळखीचे, चिकपेटेच्या वाटेवर हारवाल्यांकडे रोज बघितलेले. मग मात्र त्यांनी सूत्रं हातात घेतली. चिकपेटेत साड्यांच्या होलसेल दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस तो, डोळे मिटून पोत ओळखणारा. चिमटीत पान धरायचे, अंगठ्याने चोळायचे आणि "हे पॉलिस्टर" म्हणून सोडून द्यायचे. अनुषा म्हणत होती, "अंकल, स्वल्प हळू, पानं मोडतात." दहाव्या पानानंतर नाकाने संप पुकारला. सगळ्यालाच पुदिन्याचा वास यायला लागला.

आणि अचानक बोटं थबकली. "हेच! सरी, बरोबर, हेच! हीच वीण!"

"वास बघितलात?" ऋचाने विचारलं.

"बोटं खोटं सांगत नाहीत." आणि अण्णांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी झाड विकत घेतलं. ऋचाला वाटलं, फोटो काढून ठेवावा.

"आता लगेच लावा, अंकल. लागेल," अनुषा म्हणाली.

"ह्या दिवसांत?" अण्णा सवयीने बोलून गेले.

रिक्षात ऋचाने हळूच काडी टाकली, "बाबा, रीतीप्रमाणे हिचं नाव अनुषा ना?"

"हळू बोल. अक्का आहे ती."

घरी आल्यावर अण्णांनी ते रोप जुन्याच डब्यात लावलं, वय वाढावं म्हणून खोडाला चिखल चोळला, वर दोन वाळकी पानं टाकली. नाटकवाल्यांनीही एवढी रंगभूषा केली नसती.

पाडव्याला अक्का आली. ह्या वर्षी कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत चढली. मागे अण्णा, त्यांच्या मागे ऋचा. अक्काने पान तोडलं, चुरडलं, नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"गुंडो."

"काय अक्का?"

"ही कोण?"

संपलं. अण्णांनी सगळं सांगून टाकलं. हेमलताबाई, टाकी, काड्या, पटांगण, काही म्हणता काही ठेवलं नाही. "तुझं माहेर मी वाळवलं गं," ते म्हणाले आणि डोळ्यांना तोच तो फांद्यांचा रुमाल लावला.

अक्का पालथ्या बादलीवर टेकली. तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून ऋचा पुढे झाली, तर बाई हसत होती. "हेमलतेपासून लपवलंस! अरे मेल्या, लहानपणी शेंगदाण्याचे लाडू असेच लपवायचास आणि मुंग्यांच्या घशात घालायचास. सुधारू नकोस!" हसता हसता तिला ठसका लागला. "आणि हे कुणाकडनं मागून आणलंस?"

"विकत घेतलं."

अक्काचं हसू थांबलं. "तू? विकत?"

"तू येणार होतीस ना."

अक्काने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "माझ्याकडे ते झाड मजेत आहे. सासूबाईंनी दिलेलं म्हणून आमच्याकडे त्याला सासूबाईच म्हणतात. धाडते तुला फांदी. पण ऐक. माझ्या अंगणात सासूबाई आहेत, नणंद आहे, डॉक्टरीण आहे. तुझ्या नावाची एक काडी नाही. साठ वर्षं नुसता घेत आलास तू. ह्याची फांदी मला दे."

"श्रावणात दे..." अण्णांच्या तोंडून अर्धं निघूनच गेलं. ऋचा खोकली.

"श्रावण मला सांगू नकोस," अक्का शांतपणे म्हणाली. "श्रावण बघायला मी असेन की नाही, मलाच ठाऊक नाही."

अण्णा वाकले, डबाच उचलला आणि जिना उतरून तिच्या गाडीत नेऊन ठेवला. "फांदी नको. सगळंच ने."

"आणि तुला रे?"

"मला काय, मी मागून आणीन."

गुरुवारी अक्काचा मुलगा श्रीकांत 'सासूबाईं'च्या दोन फांद्या देऊन गेला. अण्णांनी एक रंगाच्या डब्यात खोचली. दुसरी हातात घेऊन बराच वेळ फेऱ्या मारल्या आणि शेवटी हेमलताबाईंचं दार वाजवलं. बाईंनी फांदी बघितली, अण्णांना बघितलं आणि म्हणाल्या, "श्रावण लवकर आला की हो ह्या वर्षी!" अण्णांनी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची त्यांची पाळीच होती.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. ती फोनवर नेहमीच ओरडून बोलते. "गुंडोला अंगणात लावलं रे! न्हाणीच्या पाण्यावर. दोन नवी पानं आलीत!"

"चार दिवसांत काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "लागला की नाही ते श्रावणात कळेल." आणि मग जरा थांबून, हळूच विचारलं, "तोवर राहशील ना, अक्का?"

"राहावंच लागेल की आता," अक्का म्हणाली. "त्याला पाणी कोण घालणार?"