मोठीमायची जाहिरात

सुरुवातीलाच माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहिण्याचा मान मोठ्यांचा असतो, आणि ज्यांच्यावर लिहिलं जातं तेही बहुधा मोठेच असतात. मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. जिच्याविषयी लिहितो आहे ती माझी थोरली चुलती कमलबाई. आम्ही पोरं तिला मोठीमाय म्हणायचो. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ती कटलरीचं दुकान चालवायची... बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पावडर, असलं सगळं. तुझ्यावर पेपरात लिहितो म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, "काहून रे, अभ्यास संपला का समदा?" शिवाय ज्या गोष्टीवरून गावाने तिला नावं ठेवली, ती गोष्ट मला अजूनही चारचौघांत मोकळेपणी बोलता येत नाही. लिहिताना जरा सोपं जातं, एवढंच.

ती गेली त्या सकाळी आईचा फोन आला. "मोठीमायला रात्री हिंगोलीला नेलं व्हतं... आता घरी आणून राहिले," एवढंच आई म्हणाली. आणून राहिले, म्हणजे ती स्वतःच्या पायाने येत नव्हती, हे मला समजलं. छातीत दुखतंय असं ती दोन-चार दिवस म्हणत होती आणि पित्त झालं असेल म्हणून सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. तिनेही.

मोठे काका मी फार लहान असताना वारले. त्यांना मूल नव्हतं. मोठीमाय माहेरी गेली नाही, दुकान टाकून आमच्यातच राहिली. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती आमच्यासोबत टीव्हीपुढे बसायची. मालिका चालू असली की मध्ये सॅनिटरी पॅडची जाहिरात यायची. पांढरी पँट घातलेली मुलगी उड्या मारते, निळं पाणी ओततात... सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती लागली की आमच्या घरात एक ठरलेली हालचाल व्हायची. वडील, म्हणजे अण्णा, पाणी प्यायला उठायचे. आई मान खाली घालून भाजी निवडू लागायची, आणि भाजी निवडून झालेली असली तर ताटातली निवडलेली मेथी पुन्हा चाळायची. ताई आणि मी फरशीकडे बघायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एकटी मोठीमाय सरळ टीव्हीकडे बघत असायची. एकदा तिने अण्णांना विचारलंच, "भावजी, तुमाला रोज ह्याच टायमाला कशी तहान लागती वो?"  दुसऱ्या दिवसापासून अण्णा पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसू लागले आणि जाहिरात लागली की जनावरांकडे एक चक्कर मारून येऊ लागले.

दुकानात ती पॅड ठेवायची, पण मागच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून. सगळेच दुकानदार तसं ठेवतात. दुकानाबाहेर एक बाक होता आणि त्यावर अण्णांचे मित्र बसायचे. राजकारण, सोयाबीनचा भाव, कुणाची सोयरीक कुठे मोडली, हे सगळं त्या बाकावर. एका दुपारी शाळा सुटल्यावर तांड्यावरची एक मुलगी दुकानासमोर येऊन उभी राहिली. जरा वेळाने पलीकडे गेली, परत आली. मोठीमायने विचारलं, "काय पायजे बाई?" मुलगी बाकाकडे बघून म्हणाली, "रिबीन." रिबीन घेऊनही ती गेली नाही. बाकावरची माणसं उठायची ती वाट बघत होती, आणि ती काही उठली नाहीत. तिच्या तांड्याकडे जाणारी जीप भरली, निघून गेली. मग ती मुलगी दप्तर पाठीमागे खाली धरून, अंग आखडून पायीच निघाली. तेव्हा मोठीमायच्या लक्षात आलं. ती पुडकं घेऊन मागे धावली, पण मुलगी हाक ऐकूनही थांबली नाही, उलट पळाली. त्या संध्याकाळी मोठीमाय जेवली नाही. "माझ्या दुकानातून लेकरू रिकामं गेलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आमच्या गावात अजून लोकल केबल आहे. लग्नाचे व्हिडिओ, मिरवणुका आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती त्यावर लागतात. केबल चालवणारा गजू माझ्याच शाळेतला. मोठीमाय पॅडची जाहिरात द्यायला त्याच्याकडे गेली तेव्हा मी सुट्टीत घरी होतो म्हणून तिच्यासोबत गेलो. खरं सांगायचं तर दाराबाहेरच उभा राहिलो. पहिल्यांदा गजूने लावलेली जाहिरात होती, 'महिलांसाठी खास वस्तू मिळतील.' दुसऱ्या दिवशी बाया आल्या आणि टीव्हीवरच्या खास बांगड्या दाखव म्हणू लागल्या. मोठीमाय पुन्हा गजूकडे.

"सॅनिटरी पॅड असं लिही. मोठ्या अक्षरात. अन् खाली माझं पुरं नाव, आडनावासकट."

"मोठीमाय, लोकं जेवायला बसलेले असतेत वो. शिव्या देतेत मला."

"मोठ्या कंपनीची लागती तवा कोणाला शिव्या देतेत?"

"ते मुंबईचे. त्यांना कोण शोधत बसतंय? मी हितंच हाय, रोज दिसतो."

ती हसली. पण गजूचं बोलणं मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. दुरून येणारी जाहिरात आम्ही मान खाली घालून सोसत होतो, कारण ती संपली की संपायची. गावातल्या बाईच्या नावाची जाहिरात मात्र सकाळी पुन्हा रस्त्यात भेटणार होती. नाव कशाला पाहिजे, असं मीही तिला विचारलं. ती म्हणाली, "अरे, दुकानात गडी बसलाय का बाई, हे लेकराला कसं कळावं? अन् कमलबाई गावात लई हायेत. आडनाव नसलं तर ते पोरगं कोणाच्या दारात जाईन?"

जाहिरात लागली, आडनावासकट. सकाळी चहाच्या हॉटेलात अण्णांना कुणीतरी म्हणालं, "काल जेवता जेवता तुमच्या घराचं नाव वाचलं बुवा. घास तसाच राहिला." अण्णा चहा न पिता घरी आले. ते मोठीमायशी कधी वर मान करून बोलत नसत, त्या दिवशीही दाराकडे बघूनच बोलले. "वहिनी, दुकान तुमचं हाय. काय विकायचं ते विका. पर आडनाव घराचं हाय. पोरीला बघायला पाव्हणे येणार हायेत."

"आडनाव माझं बी हाय, भावजी. लगीन लावून आणलंय मला, मी चोरून न्हाई घेतलं."

 दोन दिवसांनी जाहिरातीतून आडनाव गेलेलं दिसलं. मोठीमायने गजूला फोन केला, तो म्हणाला, "अण्णा येऊन गेले." तिने एकदा ते परत लावून घेतलं. अण्णांनी पुन्हा काढायला लावलं. त्यानंतर मात्र ती गजूकडे गेली नाही. थकली असावी... किंवा एकाच घरात राहून रोज भांडायचं तिला नको वाटलं असेल. अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले, त्यांचे मित्र बाकावर येईनासे झाले. "बरं झालं, जागा मोकळी झाली," असं ती म्हणायची, पण घरातलं जेवण शांत झालं होतं. नुसत्या 'कमलबाई'वर जाहिरात चालू राहिली. पोरी यायच्या, विचारत विचारत यायच्या. काही चुकून दुसऱ्याच कमलबाईच्या दारात जायच्या, आणि ती बाई त्यांना हाकलून लावायची. ते मोठीमायच्या कानावर यायचं. "आडनाव असतं तर गेली नसती तिकडं," असं एकदाच म्हणाली.

ती वारल्यावर भेटायला आलेले लोक म्हणायचे, "लई भली बाई. फक्त त्या जाहिरातीचं तेवढं..." आणि वाक्य सोडून द्यायचे. जाहिरात त्याच दिवशी बंद झाली होती. मेलेल्या बाईच्या नावावर असलं काही दाखवणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या जागी गजूने तिची श्रद्धांजली लावली. डोक्यावर पदर घेतलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव, आडनावासकट. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसून ते बघत होतो. कुणी उठलं नाही. अण्णाही नाहीत.

तेरावा झाल्यावर मी नांदेडला आलो. दुकानाचं काय, असं दर फोनला आईला विचारायचो. "बघू," ती म्हणायची, आणि माझ्या जेवणाचं विचारायची. मग मीही विचारायचं सोडून दिलं होतं. गेल्या रविवारी तिने आपणहून सांगितलं. शटर उघडलंय, सकाळचा स्वयंपाक आटोपला की ती स्वतः बसते. जाहिरातीत आता कोणाचं नाव टाकायचं हे विचारायला गजू घरी आला होता.

"मी म्हणलं, माझं नुसतं सुमनबाई एवढंच टाक बाबा," आई म्हणाली.  फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. "हाय, ऐकून राहिले," आई म्हणाली. "अण्णा बाजूच्या खोलीत व्हते. मला वाटलं झोपलेत. तर तितूनच गजूला म्हणले, पुरं नाव टाक रे तिचं. मेल्यावरच टाकायचं व्हय?"