कडी न लावणारे काका

काका संडासातसुद्धा कडी लावत नसत. आत आहेत हे कळावं म्हणून मोठ्यानं भूपाळ्या म्हणत, तेही भर दुपारी! कुवेतमध्ये फहाहीलच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे सडेफटिंग मराठी, सगळ्यांना त्या भूपाळ्या पाठ झाल्या होत्या.

"कुणी हाक मारली तर ऐकू नको का यायला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बसले तरी पाय हलत, जेवता जेवता उठून गॅस बघून येत. त्यांच्याकडे बघूनच मला धाप लागायची.

कामही तसलंच. मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या एका कंत्राटदाराकडे आम्ही पंपांवर नजर ठेवणारा संगणक तयार करत होतो. वायू गळला की पंप तत्काळ थांबायला हवा. चाचणीत एरवी झटकन थांबे, पण मधूनच रेंगाळे.

"अहो, कधीतरीच होतं," मॅनेजर म्हणाले. "सही करा आणि मोकळे व्हा."

"माणूससुद्धा एकदाच मरतो, साहेब," काका म्हणाले. "त्या पंपाला टेकून आपला बाबी काम करतो."

बाबी देवगडचा फिटर. शुक्रवारी मासे घेऊन यायचा आणि आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवून जायचा. सही नाही तर काकांचा अकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द, असं मॅनेजरनी सुनावलं. अकामा गेला की कुवेत संपलं. काका येरझारा घालत राहिले.

कर्नेल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी. नाजूक काम हातात असलं की तो बाहेरच्या हाका, म्हणजे इंटरप्ट, क्षणभर बंद ठेवतो. तेवढं चालतं. पण पंपांच्या नोंदी छापणाऱ्या प्रिंटरच्या कोडमध्ये कुणा शहाण्यानं अख्खी ओळ छापून होईपर्यंत हाका बंद ठेवल्या होत्या. तोवर वायूचा इशारा बाहेर ताटकळत उभा, आणि पंप थांबवणाऱ्या कामाला पाळीच नाही!

"गाढवानं कडी लावून आंघोळ मांडलीय रे आत!" काका आनंदानं ओरडले. अक्षरं उचलण्यापुरत्याच हाका बंद, छपाई नंतर सावकाश, असं त्यांनी करून टाकलं. पंपाचं रेंगाळणं थांबलं, मगच काकांनी सही केली. पण मॅनेजरचा राग काही गेला नाही. अकामा रद्द झालाच. विमानतळावर मला रडू आवरेना. काका मात्र बॅगेचं कुलूप ओढून ओढून बघत होते.

पुढे एकदा खरोखरच वायू गळला. पंप जागच्या जागी थांबला आणि बाबी तणतणत ऑफिसात आला, "मेल्यांनू, पंप कोणी बंद केल्यान? माझा काम आता कोण करतला?"

मी तिथूनच काकांना सांगलीला फोन लावला.

"पंप थांबला, काका. बाबी आपल्या सगळ्यांच्या नावानं शिव्या घालतोय."

"घालू दे रे त्याला. पोटभर घालू दे," काका म्हणाले, आणि रडायलाच लागले.