बेचाळीस पोरी आणि वंदी

मूर्तिजापूरच्या फलाटावर मला सोडायला दोघीच आल्या होत्या, आई आणि वंदी. वंदी म्हणजे वंदना, पहिलीपासून माझ्या बाकावरची. आईचं एकच चाललं होतं, "तिकडे आपलं कोनी नाई बाई, मानसं जोडजो." वंदीनं ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, पिशवी माझ्या मांडीवर आदळली आणि वर मलाच झापलं, "रडून काहून राहिली वं? मी मेली का?" गाडी हलली तेव्हा खरं तर तीच रडत होती.

बायांनो, आपल्या वर्गातल्या ज्या माझ्यासारख्या दूर गेल्या त्यांना हे ठाऊक आहे. ज्या तिथंच राहिल्या त्यांना सांगते. कॅनडात पहिल्या हिवाळ्यात माणूस बोलायला तरसतो. मी लंच ब्रेकमध्ये डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची आणि फेसबुकवर तुम्हाला शोधायची. लहानपणी चिंचोके जमवायचो ना, तसा नाद लागला. एक सापडली की दिवस चांगला जायचा.

वर्गातली पोरं एका दुपारीत सापडली, कारण त्यांची नावं जिथल्या तिथं होती. आपलं तसं कुठं? लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा बोटानं नवीन नाव लिहितो आणि आडनावासकट सगळंच पुसलं जातं. सुनंदाची आराध्या झालेली मला कशी कळावी? कोणी भावाच्या यादीतून सापडली, कोणी हनुवटीवरच्या तिळावरून. दोन वर्षं घातली मी त्यात. त्रेचाळीसपैकी बेचाळीस झाल्या, एकटी वंदी राहिली.

तिचं लग्न अकोल्याला झालं तेव्हा मला सुट्टी मिळाली नव्हती. तिचे आईबाबा मुलाकडे सुरतेला गेले. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "काय नाव ठेवलं त्यायनं, देव जाने. मले वंदीच मालूम."

तोवर मला जमवायची चटकच लागली होती. अकोला, अमरावती, दर्यापूर असं काही दिसलं की रिक्वेस्ट स्वीकारली. यादीत दोन हजारांच्या वर माणसं झाली. ऑफिसमध्ये दाखवायची मी तो आकडा, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना वाचून उत्तर द्यायला वेळ कोणाला होता? मी अंगठा पाठवायची, नाहीतर हात जोडलेले.

गेल्या महिन्यात आपल्या शुभांगीला अकोल्यात एका लग्नात वंदी भेटली. शुभे, तूच लिहिलंस, "अवं, ते तं तुया लिस्टमधेच होती. मानसी. फोटोत गुलाबाचं फूल."

मी शोधलं. दोन मेसेज होते. पहिला चार वर्षांपूर्वीचा: "ओळख बरं मी कोन?" त्याखाली माझा अंगठा. तिला वाटलं, हिनं ओळखलं. दुसरा सहा महिन्यांनी आलेला: "माही आई गेली वं. पयले तुले सांगून राहिली." त्याखाली माझे जोडलेले हात. बस, तेवढेच. ज्या माउलीच्या हातचं मी दहा वर्षं जेवले, तिच्या मरणाला मी एखाद्या अनोळखी बाईला पाठवावे तसे हात पाठवले. त्यानंतर तिनं मला यादीतून काढून टाकलं. दोन हजारांतून एक कमी झालेलं मला कळलंसुद्धा नाही.

शुभांगीकडे नंबर मागितला. "तुले देऊ नको म्हने," एवढंच उत्तर आलं. लिहायला घेते आणि खोडते. मला कळलंच नाही ती तू होतीस, असं लिहू? म्हणजे आणखी वाईट. कळलं होतं, असं तर लिहूच शकत नाही.

आईचं घर आहे अजून, गेले की गरम भाकर मिळते. पण माझं घर कोणतं विचाराल, तर मला स्वतःचं नाव सांगायची जिला गरज वाटली नाही, ती. तिला मी रिक्वेस्ट पाठवली आहे. तीन आठवडे झाले, ती तशीच पडून आहे.